पुण्याला जायला परवानगी मिळाली नाही, म्हणून बाणकोट गाठलं. महाराष्ट्रातल्या प्रेस्बिटेरियन चर्चची गोष्ट

मुंबईहून पुण्याला जाताना कर्जत आलं की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिनं लागतात आणि तेवढ्या वेळात पब्लिक वडे घ्यायला प्लॅटफॉर्मवर उतरतं. आता ही वाट दोन-तीन तासांची झालीये. पण रेल्वे यायच्या आधी मुंबईच्या माणसाला पुणं गाठायचं असेल तर होडीनं पनवेल, तिथून चौक, खालापूर, खोपोली आणि मग बोरघाट असा सगळा द्राविडी प्राणायाम करायला लागायचा.

१८२३ साली एका स्कॉटिश माणसाला याच वाटेनं पुण्याला जाऊन मुक्काम टाकायचा होता. सरकारनं त्याला नाही म्हणून सांगितलं. मग तो गेला कोकणात, बाणकोटला. त्या एका नकारामुळं महाराष्ट्रातल्या प्रेस्बिटेरियन चर्चची सुरुवात पेशव्यांच्या राजधानीऐवजी सावित्री नदीच्या मुखावर झाली. पुढं याच लोकांच्या शाळेत महात्मा फुले शिकले, याच लोकांमुळं मुंबईचं विल्सन कॉलेज उभं राहिलं आणि यांच्यामुळंच मुंबईच्या कोर्टात धर्मांतराचे मोठे खटलेही गाजले.

एवढं सगळं झालं, तरी आज महाराष्ट्रात जुन्या चर्चच्या पाटीवर 'प्रेस्बिटेरियन' हा शब्द सहसा दिसत नाही. तो कुठं गेला? आणि मुळात तो आला कुठून? नीट सुरुवातीपासून बघू.

आधी शब्दाचा अर्थ समजून घेऊ

प्रेस्बिटेरियन म्हणलं की आपल्याला वाटतं, असेल कुठल्यातरी साहेबाचं नाव. तसं नाही. ग्रीक भाषेत 'प्रेस्बिटेरॉस' म्हणजे वडीलधारा माणूस. ज्या चर्चचा कारभार वडीलधारी मंडळी बघतात ते प्रेस्बिटेरियन चर्च. म्हणजे हे नाव देवाबद्दलच्या कुठल्या वेगळ्या कल्पनेवरून पडलेलं नाही, कारभार कोण बघतो यावरून पडलंय.

ख्रिस्ती लोकांमध्ये चर्च चालवण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत बिशप असतो. तो वरून पाळक नेमतो, बदल्या करतो, शेवटचा शब्द त्याचा. रोमन कॅथलिक आणि इंग्लंडचे अँग्लिकन या पद्धतीचे. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक गावाची मंडळी स्वतंत्र असते, तिच्या वर कुणी नाही. अहमदनगर भागात ज्यांचं मोठं काम होतं ते अमेरिकन मराठी मिशनचे लोक या बाजूचे.

तिसरी पद्धत प्रेस्बिटेरियन. इथं गावातली मंडळी आपल्यातूनच काही 'वडील' निवडते. हे वडील आणि पाळक मिळून चर्च चालवतात. आसपासच्या अनेक चर्चचे पाळक आणि वडील मिळून प्रेस्बिटरी होते, अनेक प्रेस्बिटरी मिळून सिनड आणि सगळ्यात वर जनरल असेंब्ली. आपल्या भाषेत सांगायचं तर ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि विधानसभा. प्रत्येक पायरीवर पाळकांच्या बरोबरीनं साध्या माणसांनाही मत असतं.

ही पद्धत जिनिव्हात जॉन कॅल्विननं बसवली आणि जॉन नॉक्सनं स्कॉटलंडमध्ये नेली. १५६० मध्ये स्कॉटलंडच्या संसदेनं पोपची सत्ता झुगारून दिली आणि हळूहळू हाच तिथला राष्ट्रीय पंथ झाला. त्यामुळं भारतात जिथं जिथं स्कॉटिश माणूस गेला, तिथं तिथं हे चर्च गेलं.

साहेबांचं चर्च आणि मिशनऱ्यांचं चर्च

आता इथं एक घोळ सोडवून घ्यायला लागतो. मुंबईत फोर्टमध्ये लायन गेटजवळ सेंट अँड्र्यूज चर्च आहे. लोक त्याला स्कॉच कर्क म्हणायचे. कर्क म्हणजे स्कॉटिश बोलीत चर्च. ते १८१९ साली सुरू झालं. मग बाणकोटच्या आधीच प्रेस्बिटेरियन चर्च होतं की!

होतं, पण ते कंपनीच्या नोकरीतल्या स्कॉटिश साहेबांसाठी होतं. १८१३ साली कंपनीची सनद नवी झाली तेव्हा स्कॉटिश लोकांनी तक्रार केली की इंग्लिश लोकांना सरकारी धर्मगुरू मिळतो, आम्हाला का नाही? त्यातून प्रत्येक इलाख्यात स्कॉटिश धर्मगुरू नेमायचं ठरलं. मुंबईला १८१५ मध्ये जेम्स क्लो आले आणि मग चर्च बांधलं गेलं. प्रार्थना इंग्रजीत, पैसा कंपनीचा, मराठी माणसाचा त्याच्याशी संबंध नाही.

१८१३ च्या त्याच सनदेनं मिशनऱ्यांनाही भारतात यायचा दरवाजा किलकिला केला. त्याआधी कंपनीला मिशनरी नकोच होते. धंदा करायला आलोय, लोकांच्या धर्मात हात घालून बंड ओढवून घ्यायचं नाही, असं साधं गणित होतं. हे गणित सनद बदलल्यावरही अधिकाऱ्यांच्या डोक्यातून गेलं नाही. बाणकोटची गोष्ट इथूनच सुरू होते.

पुणं का नाकारलं?

डोनाल्ड मिचेल हे त्या माणसाचं नाव. पाळकाचा मुलगा, पण आधी कंपनीच्या फौजेत लेफ्टनंट होता. पुढं नोकरी सोडून तो मिशनरी झाला आणि स्कॉटिश मिशनरी सोसायटीतर्फे जानेवारी १८२३ मध्ये मुंबईत आला.

त्याच्या मनात पुणं होतं. पण तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं त्या सगळ्या राजकारणातला हा मुख्य माणूस. पेशवाई जाऊन पाच वर्षं झाली होती. पुण्यातलं वातावरण त्याला चांगलं माहीत होतं. अशा गावात मिशनरी पाठवायचा म्हणजे गवताच्या गंजीशेजारी चूल पेटवायची. त्यानं परवानगी दिली नाही.

मग पर्याय निघाला बाणकोट. इथला किल्ला हिंमतगड. इंग्रजांनी १७५६ मध्येच तो ताब्यात घेऊन त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं होतं. म्हणजे पुण्यात जो राज्यबदल नुकताच झाला होता, तो बाणकोटात साठ-पासष्ट वर्षं जुना होता. सरकारला तिथं फारशी धास्ती नव्हती.

मिचेल बाणकोटला गेला खरा, पण कोकणची हवा त्याला मानवली नाही. त्याच वर्षी, १८२३ मध्येच तो वारला. एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण त्याच्या मागून जेम्स मिचेल, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन कूपर, जॉन स्टीव्हन्सन अशी मंडळी आली. बाणकोट आणि हर्णै ही त्यांची दोन ठाणी झाली. आज पहिलं मंडणगड तालुक्यात आहे, दुसरं दापोली तालुक्यात.

त्यांनी पहिलं काम केलं ते शाळांचं. गावोगावी डझनावारी शाळा उघडल्या. त्यात शिकवायला माणसं कुठून आणणार? तर गावातल्याच पंतोजींना पगार देऊन नेमलं. म्हणजे मिशनरी शाळा, धडे बायबलचे आणि शिकवणारा पंतोजी बऱ्याचदा धर्मानं हिंदूच. पालकांनाही लिहिणं-वाचणं आणि हिशेब हवे होते. धर्म बदलायला मात्र फारसं कुणी पुढं आलं नाही.

हर्णैत मराठी शिकलेला माणूस

फेब्रुवारी १८२९ मध्ये जॉन विल्सन आणि त्यांची बायको मार्गारेट मुंबईत उतरले. विल्सन तेव्हा पंचविशीतले. मराठी शिकायला त्यांना हर्णैला पाठवलं. काही महिन्यांत भाषा हाताशी आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते मुंबईत परत आले.

१८३१ मध्ये विल्सननी मुंबईत प्रेस्बिटेरियन पद्धतीची देशी मंडळी स्थापन केली. स्कॉच कर्क साहेबांचं होतं, ही मंडळी इथल्या माणसांची. संख्येनं अगदी मूठभर. पण प्रभुभोजनाला, म्हणजे भाकरी आणि द्राक्षरस घ्यायला, वेगवेगळ्या जातींत जन्मलेली माणसं एकत्र बसणार. १८३१ सालच्या मुंबईत ही किती मोठी गोष्ट होती, हे सांगायची गरज नाही.

मार्गारेट विल्सन यांनी आल्या आल्या मुलींच्या शाळा काढल्या. मराठी शिकून त्या स्वतः शिकवायच्या. १८३५ मध्ये त्या वारल्या. गावदेवीतली सेंट कोलंबा शाळा आपली सुरुवात त्यांच्याच कामापासून मोजते. १८३२ मध्ये विल्सननी काढलेल्या शाळेचं पुढं विल्सन कॉलेज झालं. चौपाटीसमोरची आजची इमारत १८८९ ची.

विल्सन वादविवादालाही मागं हटायचे नाहीत. मोरभट्ट दांडेकरांबरोबर त्यांचा जाहीर वाद झाला. दांडेकरांनी हिंदू धर्माची बाजू मांडणारं पुस्तक काढलं आणि विल्सननी त्याला उत्तर म्हणून दुसरं पुस्तक काढलं. आजच्या सोशल मीडियावरच्या थ्रेडला थ्रेडनं उत्तर देतात तसंच, फक्त छापखान्यात जाऊन.

इकडं सरकारचं धोरण सैल झालं आणि १८३० च्या दशकात मिशननं पुण्यात बस्तान बसवलं. स्टीव्हन्सन आणि जेम्स मिचेल वर गेले. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला होता, त्यामुळं खालापूर-खोपोलीची वाट आता मिशनची नेहमीची वाट झाली. बाणकोट आणि हर्णै मागं पडले. १८३५ मध्ये सोसायटीनं हे सगळं काम स्कॉटलंडच्या मुख्य चर्चकडं सोपवलं.

रायगडच्या शनवार तेल्यांची गंमत

आज रायगड म्हणतो त्या जिल्ह्याशी या मिशनचा एक वेगळाच धागा आहे. अलिबाग, रेवदंडा, पेण या भागातल्या गावांत बेने इस्रायली राहायचे. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. ते ज्यू होते, पण पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत होते आणि हिब्रूची ओळख जवळजवळ पुसली होती.

मिशनऱ्यांना वाटलं, बायबलचा जुना करार तर यांचाच आहे, हे लोक लवकर आपल्याकडं येतील. मग त्यांच्यासाठी शाळा निघाल्या. विल्सननी १८३२ मध्ये चक्क मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं.

झालं उलटंच. बेने इस्रायली मुलं शिकली, हिब्रू शिकली आणि आपल्याच धर्मात जास्त पक्की झाली. विल्सनच्या संस्थेत शिकलेले जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी पुढं ज्यू प्रार्थनेची पुस्तकं मराठीत आणली. धर्मांतराच्या हिशेबानं मिशनचं इथं नुकसानच झालं, पण एका समाजाला त्याचं पुस्तक परत मिळालं.

दोन मुलं, दोन खटले

या इतिहासाची ही बाजू टाळून चालणार नाही. कारण इथं प्रश्न घराघरांत शिरला होता.

१८३९ मध्ये विल्सनच्या शाळेतला धनजीभाई नौरोजी हा पारशी मुलगा ख्रिस्ती झाला. वय सोळा-सतरा. पाठोपाठ होरमसजी पेस्तनजीही झाला. पारशी समाज हादरला. धनजीभाईला परत मिळवायला प्रकरण मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टानं ठरवलं, मुलगा जाणता आहे, त्याला जिथं राहायचं तिथं तो राहील. शाळेतली मुलं धडाधड गळाली. पालकांचा विश्वास उडाला होता.

चार वर्षांनी दुसरं प्रकरण झालं. सप्टेंबर १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा साधारण बारा वर्षांचा, तोही मिशनऱ्यांकडं राहात होता. वडील कोर्टात गेले. या वेळी कोर्टानं सांगितलं, मुलगा अजाण आहे, बापाच्या ताब्यात द्या.

मुलगा घरी आला, पण आता नवाच पेच. मिशनऱ्यांकडं राहिलेल्या, जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं का? प्रायश्चित्त देऊन घ्यावं, या बाजूनं 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. त्यासाठी त्यांना स्वतःच्या समाजाचा जबरदस्त रोष पत्करायला लागला. सनातनी लोकांचं म्हणणं, एकदा बाटला तो बाटला.

दोन्ही खटल्यांत प्रश्न एकच होता: कुठल्या वयापासून माणूस आपला धर्म स्वतः ठरवू शकतो? मिशनरी म्हणत होते, मन पटलं की झालं. पालक म्हणत होते, आम्ही शिकायला पाठवलं होतं, मुलगा गमवायला नाही. शाळा चांगली होती, हेही खरं. आणि ती शाळा कशासाठी काढली होती हे मिशननं कधी लपवलं नव्हतं, हेही खरं.

फुल्यांची शाळा

याच काळात पुण्यात एक मुलगा शाळा सोडून बापाच्या मळ्यात काम करत होता. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी त्याच्या वडिलांना, गोविंदरावांना समजावलं की पोरगं हुशार आहे, शिकू द्या. १८४१ मध्ये जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले आणि १८४७ मध्ये तिथून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी त्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली.

जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनऱ्यांकडून काय घ्यायचं आणि काय नाही हे त्यांनी स्वतः ठरवलं. पण जातीमुळं ज्याला शाळा नाकारली जात होती अशा माणसाला तिथं बाकावर जागा मिळाली, हे कसं विसरणार?

मिशनच्या शाळेतून ख्रिस्ती झालेले आणि मराठीत आपली जागा केलेलेही आहेत. बाबा पदमनजी मुंबईत याच मिशनच्या शाळेत शिकले, १८५४ मध्ये बेळगावात ख्रिस्ती झाले आणि १८५७ मध्ये त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिलं. हिंदू विधवांचे हाल सांगणारं हे पुस्तक मराठीतल्या पहिल्या कादंबऱ्यांत धरलं जातं. पुढं ते पाळकही झाले.

तिकडं स्कॉटलंड फुटलं, इकडं मुंबईत बाडबिस्तरा हलला

१८४३ हे वर्ष आणखी एका कारणानं महत्त्वाचं. स्कॉटलंडमध्ये चर्चचा पाळक कुणी नेमायचा यावरून भांडण पेटलं होतं. कायद्यानं तो हक्क बऱ्याच ठिकाणी जमीनदाराकडं होता. मंडळी म्हणत होती, आमचा पाळक आम्ही निवडणार. सरकार आणि कोर्ट जमीनदारांच्या बाजूनं.

मे १८४३ मध्ये साडेचारशेहून जास्त पाळक मुख्य चर्चमधून बाहेर पडले. घर, पगार, इमारत सगळं सोडून. त्यांनी फ्री चर्च काढलं. प्रेस्बिटेरियन लोक मताच्या हक्काबद्दल किती कडक असतात, याचा हा सगळ्यात मोठा दाखला.

याचा मुंबई-पुण्याशी काय संबंध? विल्सन, रॉबर्ट नेस्बिट, मरे मिचेल, पुण्याचे जेम्स मिचेल, हे सगळे फ्री चर्चच्या बाजूनं गेले. कायद्यानं इमारती जुन्या चर्चच्या. त्यामुळं मुंबईतली शाळेची इमारत सोडून त्यांना बाहेर पडायला लागलं. मुलं आणि मास्तर एकीकडं, भिंती दुसरीकडं. चर्च म्हणजे माणसं की मालमत्ता, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा इथं आला. तो अजून गेलेला नाही, पुढं येईलच.

मग ते छोट्या गावांत पोचलं

नारायण शेषाद्री पुढं पाळक झाले आणि १८६० च्या दशकात जालन्याला गेले. तिथं त्यांच्याकडं आले ते मुख्यतः मांग समाजातले लोक. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली आणि जालन्याजवळ 'बेथेल' नावाची वस्तीच उभी राहिली. ब्राह्मण घरात जन्मलेला माणूस मांगांच्या वस्तीचा पाळक, असा हा उलटा प्रवास.

नागपूरला १८४५ च्या सुमारास स्टीफन हिस्लॉप पोचले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. माणूस मिशनरी, पण दगड आणि जीवाश्म गोळा करायचं वेड असं की 'हिस्लॉपाइट' नावाचं खनिजच त्यांच्या नावानं ओळखलं जातं.

दक्षिणेकडं वेगळा प्रवाह आला, तो अमेरिकन. १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले आणि १८७० मध्ये त्यांचं काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडं गेलं. तिथून कोडोली, सांगली, मिरज, रत्नागिरी, वेंगुर्ला अशी साखळी झाली. मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उघडला. मिरज आज दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं त्याची सुरुवात ही.

वेंगुर्ल्याचं तर भारीच आहे. तिथल्या मिशन हॉस्पिटलचे डॉक्टर गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट गोहीन १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला. पुढं तो अमेरिकेच्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात परत आला.

कर्जत-खालापूर मात्र या साखळीत ठाणं म्हणून मोठं झालं नाही. कारण सरळ आहे. मिशन बसायचं ते बंदर, छावणी किंवा मोठ्या बाजारपेठेच्या गावी. खोपोलीला १८५६ मध्ये रेल्वे पोचली आणि १८६३ मध्ये घाटातून लोहमार्ग झाला, तेव्हा मुंबई आणि पुणे ही दोन्ही ठाणी आधीच पक्की झाली होती. कर्जत तालुक्यातलं ब्रिटिशकाळातलं ओळखीचं चर्च म्हणजे माथेरानचं सेंट पॉल, आणि ते अँग्लिकन परंपरेतलं. हवा खायला वर येणाऱ्या साहेबांसाठी बांधलेलं.

बघून कसं ओळखायचं?

जुन्या चर्चमध्ये गेलात तर थोडं निरखून बघा. अँग्लिकन चर्चमध्ये पुढं मधोमध वेदी असते, रंगीत काचा असतात. कॅथलिक चर्चमध्ये मूर्ती असतात. जुन्या प्रेस्बिटेरियन पद्धतीच्या चर्चमध्ये मान असतो तो वचन सांगायच्या व्यासपीठाला, तेच बऱ्याचदा मधोमध आणि उंच. वेदीऐवजी साधं टेबल, कारण प्रभुभोजन म्हणजे जेवण. भिंती साध्या. लक्ष बघण्यापेक्षा ऐकण्यावर, असा त्यामागचा विचार.

नाव गेलं कुठं?

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. एकाच जिल्ह्यात स्कॉटिशांचं वेगळं, अमेरिकनांचं वेगळं, इंग्रजांचं वेगळं, हे भारतीय ख्रिस्ती लोकांना पटेनासं झालं. भांडणं युरोपातली, आम्ही का वाटून घ्यायची?

१९०४ मध्ये वेगवेगळ्या प्रेस्बिटेरियन मिशनची चर्च एकत्र येऊन भारतीय प्रेस्बिटेरियन चर्च झालं. १९२४ मध्ये त्यात काँग्रिगेशनल पद्धतीची चर्च मिसळली आणि युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं. प्रेस्बिटेरियन हा शब्द पाटीवरून गेला तो इथं. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र आली, त्यात अँग्लिकनही होते, आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे सी.एन.आय. जन्माला आलं. आज महाराष्ट्रात पाटीवर सी.एन.आय. दिसलं तर मागं प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन किंवा आणखी कुठला इतिहास असू शकतो.

या जुळणीत तडजोड झाली. अँग्लिकनांकडून बिशप आले, प्रेस्बिटेरियनांकडून निवडून आलेल्या समित्या आणि सिनड हा शब्द आला. ज्यांच्या पूर्वजांनी बिशप नको म्हणून शतकानुशतकं भांडण केलं, त्यांनी एकीसाठी बिशप मान्य केला.

हे नाव पूर्ण गेलंय असंही नाही. ईशान्येकडं जा, तिथं वेल्श मिशनऱ्यांनी १८४१ मध्ये चेरापुंजीत सुरू केलेलं प्रेस्बिटेरियन चर्च आजही त्याच नावानं आहे आणि मिझोराममध्ये तर ते सगळ्यात मोठ्या चर्चपैकी आहे.

भिंती कुणाच्या?

जुळणी झाली, पण जमिनींचं काय? मिशनऱ्यांनी घेतलेल्या शाळा, दवाखाने, बंगले, कब्रस्तानं यांच्या जमिनी आज शहरांच्या मधोमध आल्यात. त्या कुणाच्या? जुन्या ट्रस्टच्या, नव्या चर्चच्या, की तिथं रविवारी जमणाऱ्या मंडळीच्या?

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं गुजरातमधल्या ब्रेदरन चर्चचा असाच खटला आला. हेही १९७० मध्ये सी.एन.आय. मध्ये आलेलं चर्च. न्यायालयानं सांगितलं की नुसता विलीनीकरणाचा ठराव केला म्हणून नोंदणीकृत ट्रस्टची मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडं जात नाही, त्यासाठी कायद्यानं ठरवलेली प्रक्रिया पूर्ण करायला लागते. १८४३ मध्ये विल्सन ज्या प्रश्नामुळं इमारत सोडून बाहेर पडले, तोच प्रश्न एकशे सत्तर वर्षांनी दिल्लीत.

म्हणून छोट्या गावातल्या चर्चचा इतिहास लिहून ठेवणं हा नुसता हौसेचा मामला नाही. जमीन कुणी, कधी, कशासाठी दिली आणि कारभार कुणाच्या मतानं चालायचा ठरलं होतं, हे कागद सापडले तर मंडळीला आपली बाजू मांडता येते. नाही सापडले तर ज्याच्याकडं वकील मोठा त्याची बाजू.

तुमच्या गावातल्या चर्चचा इतिहास शोधायचा तर

सुरुवात चर्चमधूनच करा. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची रजिस्टरं पाळकांकडं असतात. त्यात नावं, गावं, धंदे, तारखा मिळतात. वडील मंडळीच्या सभांची इतिवृत्तं असतील तर सोनंच, कारण कोण निवडून आलं आणि कशावरून वाद झाला हे त्यातच सापडतं.

कब्रस्तानातले जुने दगड वाचा, फोटो काढून ठेवा. दगड झिजतात.

जमिनीसाठी सातबारा किंवा शहर असेल तर सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक काढा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली ट्रस्टची नोंद असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विश्वस्तांची आणि मालमत्तेची नोंद मिळते.

मिशनऱ्यांची पत्रं आणि अहवाल परदेशात आहेत. स्कॉटिश मिशनचे कागद एडिनबर्गच्या नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये, अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचे फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत. जुने छापील अहवाल आणि जिल्हा गॅझेटियर तर आता घरबसल्या इंटरनेटवर वाचता येतात.

आणि हे सगळं करायच्या आधी मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडं जाऊन बसा. आजोबा कुठून आले, कुठल्या मिशनच्या शाळेत शिकले, चर्चला आधी काय म्हणायचे, हे विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. १९७० च्या आधीचं चर्च ज्यांनी जाणतेपणी पाहिलंय ती माणसं आता सत्तरीच्या पुढं गेलीत.